शोर स्ट्रीटची माणसं

हेल्बी, सफोक
२ ऑक्टोबर २०२३

सुप्रभाताई,

मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. उत्तर यावं म्हणून हे पत्र नाही. आमचा पत्ता बदललाय, एवढंच कळवायचं होतं. धरमपेठेच्या फ्लॅटसाठी माझी सही लागली तर क्रॉयडनला पाठवू नकोस. तिथे आता आमची सारा राहते, ती शिकवते त्या शाळेला तिथून सरळ ट्राम आहे. आम्ही दोघं समुद्रकाठी राहायला आलोय.

समुद्रकाठी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे जे येईल तसं इथे काही नाही. हेल्बी हे अर्धं गाव आहे. उरलेलं अर्धं समुद्राने नेलं. इथली जमीन दगडाची नाही, चिकणमातीची आणि वाळूची. दर हिवाळ्यात कडा ढासळतो. आमच्या गल्लीचं नाव चर्च लेन, पण चर्च माझ्या जन्माआधीच खाली गेलंय. गल्ली एका तारेच्या कुंपणाशी संपते आणि कुंपणापलीकडे हवा. त्या कुंपणाच्या अलीकडचं शेवटचं घर आमचं.

ग्रॅहमने ते मला न विचारता घेतलं. साधा शर्ट घेतानाही मला विचारणाऱ्या माणसाने!

तू त्याला तीन-चारदाच भेटलीस, आणि दरवेळी मला विचारलंस, "हा बोलत का नाही गं?" तो बोलत नाही कारण तो सरकारी माणूस आहे. इल्फर्डच्या एका बस-इन्स्पेक्टरचा मुलगा, स्कॉलरशिपवर शिकला, कॉलेजातून थेट सिव्हिल सर्व्हिसमध्ये लागला आणि खात्याचा पर्मनंट सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यात वरचा अधिकारी, होऊन बाहेर पडला. मंत्री आले नि गेले. टीव्हीवर ते बोलले. त्यांनी काय बोलायचं ते ग्रॅहमने लिहिलं. मी खात्याच्या लायब्ररीत लागले तेव्हा तो पुस्तक परत करताना 'थँक यू' इतक्या हळू म्हणायचा की मला वाटायचं, हा पुस्तकाचेच आभार मानतोय. पुढे राजवाड्यात जाऊन 'सर' झाला, आणि मला लिफाफ्यांवर 'लेडी थर्लो' असं येऊ लागलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली होती, "म्हंजे आतापर्यंत काय होती तू?"

आई गेल्याचं मला तिचं तेरावं झाल्यावर कळलं, तेही आईच्या शेजारच्या स्वातीकडून. मी तेव्हा तुझा नंबर ब्लॉक केला, तो अजून तसाच आहे. हे पत्र त्याबद्दल नाही.

कस्तुरी


हेल्बी
१९ ऑक्टोबर

ताई,

पुन्हा लिहितेय, कारण इथे मराठीत बोलायला कुणी नाही आणि ही गोष्ट मला इंग्रजीत कुणाला सांगायची नाही.

मागच्या मंगळवारी सकाळी ग्रॅहम सूट घालून, टाय बांधून खाली आला. मला वाटलं लंडनला कसली मीटिंग असेल. तो जेवणाच्या खोलीत गेला, टेबलाभोवतीच्या सहाही खुर्च्या नीट लावल्या, खिडकीकडे पाठ करून बसला आणि मला म्हणाला, "दार ओढून घेशील?"

मी दाराबाहेर उभी राहिले. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, कान लावून उभी राहिले. आतून फक्त त्याचाच आवाज येत होता.

"बोला, मी ऐकतोय."

मग बराच वेळ काही नाही. समोरच्याला बोलायला लागावा तेवढा वेळ.

"नाही. हे मला माहीत नव्हतं."

पुन्हा शांतता.

"नाही, तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं."

असं दुपारपर्यंत चाललं. बाहेर आला तेव्हा पार्लमेंटच्या कमिटीसमोरून यायचा तेव्हा दिसायचा तसाच दिसत होता, शर्टाची कॉलर ओली. मी सूप वाढलं.

"आत कोण होतं, ग्रॅहम?"

"शोर स्ट्रीटची माणसं."

"शोर स्ट्रीट कुठे आहे?"

त्याने चमच्यानेच खिडकीकडे, समुद्राकडे दाखवलं आणि सूप पीत राहिला.

तुला आठवत नसेल, पण आईने पाहिलेलं ते समुद्रकाठचं गाव हेच. आई २००५ साली आमच्याकडे आली होती, तेव्हा ग्रॅहमला कामासाठी या बाजूला यायचं होतं. तो म्हणाला, चला, तुम्हालाही समुद्र बघता येईल. इथे समुद्राला जुनी लाकडी-काँक्रीटची भिंत होती आणि भिंतीमागे शोर स्ट्रीट. भिंत खिळखिळी झाली होती. किनाऱ्यावर उत्तरेला एक मोठं शहर आहे, तिथलीही भिंत तशीच. दोन्ही बांधण्याइतका पैसा नव्हता. कुठली बांधायची याचा सल्ला मंत्र्यांना ग्रॅहमने दिला. शहराची बांधली गेली. हेल्बीच्या लोकांनी एवढंच मागितलं होतं की कुणीतरी येऊन गावच्या हॉलमध्ये बसावं आणि आमचं ऐकून घ्यावं. त्यांना उत्तर गेलं की सर्व निवेदनांचा विचार करण्यात आलेला आहे. ते वाक्य ग्रॅहमचं. गावात तो तेवढ्या एकदाच आला, इंजिनिअरबरोबर भिंतीवरून चालला आणि गाडीत बसला.

नंतर काही वर्षांनी, डिसेंबरात, मोठं वादळ आलं. शहर कोरडं राहिलं. शोर स्ट्रीट एका रात्रीत पाण्याखाली गेली, मग हळूहळू समुद्रात. बरीच माणसं आधी बाहेर पडली होती, सगळी नाही.

त्याचा निर्णय चूक होता असं कुणीच म्हणत नाही. मीही म्हणत नाही. तो पर्मनंट सेक्रेटरी झाला तो असेच बरोबर निर्णय घेऊन.

मी त्याला इथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझ्या मनात काय होतं तू समजू शकतेस. त्यांनी स्मरणशक्तीचे सगळे प्रश्न विचारले. त्याची उत्तरं बरोबर होतीच, वर त्या छापील कागदावरची व्याकरणाची चूक दाखवून आला. बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

परवा तो पुन्हा बसला. बाहेर भर दुपारी समुद्रावरून धुकं आलं होतं, इतकं की फाटक दिसेना. मी स्वयंपाकघरात होते. पायरीवर कुणीतरी बुटांचा चिखल खरवडत होतं. एक जण, मग दुसरा, मग तिसरा. इथे दाराशी त्यासाठी लोखंडी पट्टी असते, तिच्यावर बूट घासण्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. मी जाऊन दार उघडलं. धुक्याशिवाय काही नव्हतं. पट्टीवर ओला चिखल होता. कुणाचाही असेल.

तू काय म्हणशील मला माहीत आहे. लिहू नकोस.

कस्तुरी


हेल्बी
९ नोव्हेंबर

ताई,

समोरच्या घरात जोन नावाची बाई एकटी राहते. माझ्याच वयाची, हात मोठे, बोलणं कमी. काल सकाळी केकचा डबा घेऊन दारात आली आणि आधी हवापाण्याचं बोलली. मग नजर माझ्या खांद्यावरून आत टाकून म्हणाली, "सर आज बसणार आहेत का?"

मी दार थोडं ओढून घेतलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे, डिअर. लोक वर येताना दिसतात ना." कौन्सिलची गाडी येताना दिसते म्हणावं, तसं म्हणाली. "माझी आई अजून आली नाही वाटतं. पेगी. तिचं टीरूम होतं शोर स्ट्रीटवर. ती आली तर एक विचारायचं होतं."

मी तिला आत घेतलं. तिने कोट काढला नाही, तशीच बसली.

"वादळात ती गेली. घराच्या खालच्या मजल्यावर सापडली, अनवाणी. ती वर झोपायची. मी दहा वर्षं हाच विचार करतेय की ती खाली का आली? बाहेर पडायला निघाली होती का? दार उघडेना म्हणून... तिने हाका मारल्या का? मी त्या दिवशी माझ्या नवऱ्याकडे होते. सरांना एवढंच विचारायला सांगा."

ताई, मी काय बोलणार होते? माझ्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणणार होते? मी म्हटलं, सांगते.

ग्रॅहमला सांगितलं. त्याने मान हलवली आणि आत गेला. दुपारी बाहेर येऊन म्हणाला, "पेगी स्वतः अजून बोलणार नाही, शेवटी बोलणार आहे. पण तिने निरोप दिलाय. ती मांजराला खालच्या मागच्या खोलीवरच्या माळ्यावर ठेवायला खाली आली होती. मांजर वर चढवलं, आणि परत जिना चढायला वेळ मिळाला नाही. हाका मारल्या नाहीत. कुणाला मारणार, म्हणते."

मी तसाच निरोप समोर नेला. जोन दारातच उभी होती. ऐकून तिने चौकट घट्ट धरली.

"मांजर माळ्यावर जिवंत सापडलं होतं," ती म्हणाली. "माळ्याची शिडी वर ढकललेली होती. कुणालाच कळलं नाही ते कसं झालं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला तर नाहीच."

मग ती मला चिकटून रडली. केवढी मोठी बाई, पण आवाज लहान मुलीचा.

घरी आले तर ग्रॅहम भांडी विसळत होता. मी पहिल्यांदाच विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "पण ते फार सभ्य लोक आहेत, कस्तुरी. एकाचं संपल्याशिवाय दुसरा बोलत नाही."

क.


हेल्बी
२८ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या मला फोन कर. नंबर मी अनब्लॉक केलाय. मी करायला हवा होता, हातात फोन घेऊन बसलेही, जमलं नाही.

काय झालं ते सांगते. आज ग्रॅहम नेहमीपेक्षा लवकर बाहेर आला. चेहरा वेगळा होता, गोंधळलेला. आयुष्यात मी त्याला गोंधळलेला फार कमी वेळा पाहिलाय.

"आज पेगीबरोबर एक बाई आल्या होत्या," तो म्हणाला. "इथल्या नाहीत. साडी नेसलेल्या, वर तुझा तो जुना राखाडी कार्डिगन."

 तो कार्डिगन मीच आईला घातला होता. २००५ च्या त्या दिवशी. ऑगस्ट होता, तरी ती कुडकुडत होती. ग्रॅहम भिंतीवर गेला तेव्हा मी आणि आई शोर स्ट्रीटवरच्या टीरूममध्ये बसलो होतो. तिथली मालकीण आणि आई, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण तासभर गप्पा मारत होत्या. आईने पिशवीतून आल्याचा तुकडा काढून तिला चहात टाकायला लावला. ती नेहमी आलं बरोबर ठेवायची, तुला माहीत आहे. मालकीणबाई हसून हसून लाल झाल्या होत्या. जोनचं बोलणं ऐकूनही ती बाई म्हणजेच पेगी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो कार्डिगन आई घालूनच नागपूरला गेली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"मला भाषा येत नाही. मी त्यांना थांबवून पुन्हा म्हणायला लावलं. चार-पाच वेळा. त्या न कंटाळता म्हणत राहिल्या. विसरायच्या आत तुला सांगतो."

तो हात मागे बांधून शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. त्याचे ते इंग्रजी ट-ड, पण एकेक शब्द सुटा सुटा:

"तिले नको सांगू. पोरगी इमानात एकटी रडत येईन."

ताई, इतक्या वर्षांत ग्रॅहमला मराठीतलं 'चहा', 'पुरे' आणि 'चल' एवढंच येतं. मी घरात कधी 'तिले' म्हणत नाही. विमानाला 'इमान' तर आईशिवाय कुणीच म्हणत नव्हतं. कॉलेजात असताना आपण तिला त्यावरून चिडवायचो.

मी त्याला म्हटलं, परत जा, तिला थांबव, मी येते. तो म्हणाला, "त्या गेल्या. त्यांचं तेवढंच काम होतं." मी तरी आत पळाले. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी प्रत्येक खुर्चीवर बसून पाहिलं. दाराजवळच्या खुर्चीवरून उठवेना.

हे तिने कुणाला सांगितलं होतं, ताई? कोणाला म्हणाली, तिले नको सांगू?

कस्तुरी


हेल्बी
१७ डिसेंबर

ताई,

फोनवर आपण दोघी बोलण्यापेक्षा रडलोच जास्त. तू म्हणालीस ते मला लिहून काढायचंय, म्हणजे ते खरंच बोललीस अशी माझी खात्री पटेल.

तू आधी विचारलंस, "तुला कोणी सांगितलं? खोलीत मी आणि आई दोघीच होतो. नर्ससुद्धा बाहेर होती."  मग म्हणालीस, "कस्तू, तिने माझा हात धरून शब्द घेतला होता. वर म्हणाली, मी सांगितलं हेही सांगू नको, नाहीतर तिले वाईट वाटन. मी म्हटलं, तुझा राग मी झेलीन. पण तू इतकी वर्षं चिडशील असं मला वाटलं नव्हतं गं."

मलाही वाटलं नव्हतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मला ग्रॅहमला इथून हलवता येत नाहीये. मागच्या शनिवारच्या पावसात कुंपणाचे दोन खांब खाली गेले. कौन्सिलमधून वीर नावाचा तरुण आला होता, लेस्टरचा पंजाबी मुलगा, पिवळं जाकीट. बागेत उभा राहून मला म्हणाला, "आंटी, प्लीज. जानेवारीच्या आत निघा. मला रात्री झोप लागत नाही." ग्रॅहम त्याच्याशी इतक्या अदबीने बोलला की त्या बिचाऱ्याला वाटलं आपलं काम झालं. तो गेल्यावर ग्रॅहम म्हणाला, "पेगी राहिलीय."

सारा रोज फोन करते, तिच्या मोडक्या मराठीत. "आई, बाबाला बॅगेत टाक आणि ये. हा काय मजा नाही आहे." तिला मी खुर्च्यांचं सांगितलेलं नाही.

तू 'दोघं नागपूरला या' म्हणालीस. तूच इथे ये ना. तिकीट काढ. एकदा ये.

तुझी कस्तू


हेल्बी
२० जानेवारी २०२४

ताई,

पेगी आली.

काल सकाळी ग्रॅहम म्हणाला, आज तिची वेळ आहे, आणि तिने जोनलाही बोलावलंय, तूही बस. मी जोनला आणलं. तिने केस धुतले होते, निळा ड्रेस घातला होता. मी चहा केला, आलं घालून, आणि टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या जागेपुढेही कप ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं. वारा अजिबात नव्हता. घराखाली समुद्र कुणी वजनदार फर्निचर सरकवावं तसा आवाज करत होता.

ग्रॅहम उठून उभा राहिला, "या, मिसेस कॉब" म्हणत किंचित वाकला, बसला. टोकाच्या खुर्चीवरची गादी हळूच दबली. हलकी बाई बसल्यावर दबते तेवढीच. जोनने माझं मनगट पकडलं. तिथे अजून वळ आहे.

आम्हाला दोघींना फक्त ग्रॅहमचं बोलणं ऐकू येत होतं. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "त्या रात्री मी घरी होतो. लवकर झोपलो."

थांबला.

"हो. उबदार होतं."

थांबला.

"सकाळी. ड्यूटी ऑफिसरचा फोन आला. त्याने सांगितलं, शहर कोरडं आहे."  त्याने पाणी प्यायलं. मी त्याची बायको, तरी पुढचं वाक्य मी कधी ऐकलेलं नव्हतं. "मला आनंद झाला, मिसेस कॉब. आधी मला आनंद झाला. हेल्बीचं मी नंतर विचारलं. नाश्ता झाल्यावर."

 तो डोळे मिटून बसला होता, जणू आता मार बसणार आहे. मग गादी पुन्हा वर आली.

"काय म्हणाली?" जोनने विचारलं. "काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत," ग्रॅहम म्हणाला. "आणि तुला सांगितलंय की उरलेलं गाव सोड. अजून वेळ आहे तोवर."

जोनने माझं मनगट सोडलं. मग उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि ग्रॅहमच्या डोक्यावर हात ठेवला. केसांवरून फिरवला नाही, नुसता ठेवला. म्हणाली, "नाश्ता झाल्यावर, हं?" आणि कोट घालून निघून गेली. तिने त्याला माफ केलं का? मला नाही वाटत. पण तिने त्याच्या तोंडून ऐकलं.

आज सकाळी आम्ही सामान भरलं. जोनही तिच्या बहिणीकडे निघालीय. ग्रॅहम चक्क शीळ घालत पुस्तकं बांधतोय. मी लग्नापासून त्याची शीळ ऐकली नव्हती.

कस्तू


क्रॉयडन
९ मार्च

ताई,

घर गेलं. जोनने फोन करून सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटी, भल्या सकाळी, आवाजसुद्धा फारसा नाही. आधी जेवणाची खोली, मग बाकीचं. आम्ही तेव्हा इथे साराच्या स्वयंपाकघरात टोस्ट खात होतो. ग्रॅहमला सांगितलं तर तो "अस्सं" म्हणाला आणि लोणी लावत राहिला. पूर्वीचं 'अस्सं' वेगळं असायचं. त्यातून काही कळायचं नाही. यातून कळलं.

हे सहा-सात आठवडे इतके चांगले गेले की मला तुला लिहायला सुचलंच नाही. तो उशिरा उठायचा. बागेत गुलाब छाटायचा. साराबरोबर ट्राममधून तिच्या शाळेत जाऊन मुलांना सरकार कसं चालतं ते सांगून आला. मुलांनी विचारलं, तुम्ही काय करायचात? तो म्हणाला, "मी सल्ला द्यायचो." घरी येऊन मला म्हणाला, "किती छोटं वाक्य आहे ना?"

आज शनिवार. सारा वर वह्या तपासत होती. ऊन पडलं होतं. अकराच्या सुमाराला बेल वाजली.

दारात एक म्हातारा गृहस्थ होता. तपकिरी कोट, चकचकीत बूट, हातात पांढरी काठी. त्याचे डोळे माझ्या बाजूला कुठेतरी बघत होते. मला वाटलं कसली तरी वर्गणी असेल.

"मिस्टर थर्लो इथेच राहतात का?" त्याने टोपी काढली. "हेल्बीची मंडळी म्हणाली की इथे ऐकून घेतात."

मी बाजूला झाले, ताई.  त्याने पाय पुसले, व्यवस्थित, आधी एक मग दुसरा.

"आमची वर्कशॉप होती," तो म्हणाला. "ब्रश बनवायची. आम्ही सगळे अंध. मिस्टर थर्लो तेव्हा नवीन होते, मंत्र्यांच्या ऑफिसात. ती बंद करू नका, हे सांगायला आम्ही त्यांना भेटायला लंडनला आलो होतो, रिसेप्शनमध्ये दिवसभर बसलो. ते कामात होते."

तेवढ्यात सारा जिना उतरून आली. हा माणूस अरुंद पॅसेजमध्ये मधोमध उभा होता. ती जवळ यायच्या आत तो भिंतीला चिकटून उभा राहिला, तिला वाट करून दिली, आणि तिच्या पावलांच्या दिशेने, लहान मुलं जवळून पळाली की हसतात तसा हसला. सारा त्याच्या कोटाला घासून गेली.

"आई, who are you talking to?" ती म्हणाली. "आणि दार का उघडा ठेवलीस? It's freezing."

"बंद करते," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात गेली. मी दार लावायला पुढे झाले आणि बाहेर पाहिलं. पायरीपासून फाटकापर्यंत माणसं उभी होती. पुरुष, बायका, सगळे जुन्या, स्वच्छ कोटांत. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. फाटकाबाहेरही रांग होती, वळणापर्यंत. शेजारच्या बाई त्यांच्या मधून कुत्र्याला फिरवत गेल्या आणि मला हात हलवून "लव्हली डे" म्हणाल्या.

ग्रॅहम जिन्यावर येऊन उभा होता. घरातला जुना स्वेटर, हातात चष्मा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या म्हाताऱ्याकडे. मी समजत होते की तो ओळखणार नाही. इतक्या जुन्या नोकरीतलं काय आठवणार?

"ब्रश," तो हळूच म्हणाला. मग मला, "बाहेर किती जण आहेत?"

"मोजता येणार नाहीत."

तो कठड्याला धरून उभा राहिला. एकदम खूप म्हातारा दिसला. मला वाटलं, आता हा मागे फिरेल आणि दार लावून घेईल, आणि मीही त्याला लावू देईन. मग त्याने चष्मा घातला.

"मला सूट घालावा लागेल," तो म्हणाला. "त्यांना बसायला सांग, कस्तुरी. त्यांना आधीच फार वेळ बसवलंय मी. निदान चांगल्या खुर्चीत बसव."

मी त्या गृहस्थाचं कोपर धरून त्याला आत नेलं. कोट जाड होता, लोकरीचा. आत हात होता, हाड होतं, पण ऊब नव्हती. खुर्ची ओढून दिली. त्याने टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "ओकचं लाकूड. छान."

आता दुपार झालीय. ग्रॅहम आत बसलाय. मी पॅसेजमध्ये स्टुलावर बसून हे लिहितेय, म्हणजे कुणी आलं तर दार उघडता येईल. साराला सांगितलंय, बाबा एक लेख लिहितोय, आवाज करू नकोस. दुसऱ्या खोलीतल्या खुर्च्याही मी आणून ठेवल्या. पुरणार नाहीत.

तुझं तिकीट एप्रिलचं आहे ना? जमलं तर आधीचं बघ. मला सोबत हवीय. खूप मोठी नोकरी केली गं त्याने. हेल्बी हे त्यातलं एकच गाव.

तुझी
कस्तू